‘रंगांचं शेवटी बघू’ असं म्हणतात तेव्हा

नमस्कार ताई,

मी बारा वर्षं इंटिरिअर डिझाइनमध्ये आहे. आधी ऑफिसं आणि हॉटेलं केली, मग रुग्णालयांकडे वळले आणि इथेच रमले. काही महिन्यांपूर्वी आमच्या फर्मनं मला आरोग्यसेवा विभागाची टीम-प्रमुख केलं. हातात पहिलंच मोठं काम आहे: एका चालू रुग्णालयाचं नूतनीकरण आणि त्याला लागून नवी इमारत. मीटिंगमध्ये आर्किटेक्ट, एसीवाले, इलेक्ट्रिकलवाले, डॉक्टर असे सगळे बोलून झाले की माझी पाळी येते, तीही ‘रंगांचं शेवटी बघू’ असं म्हणत. मागच्या आठवड्यात खर्चकपातीच्या यादीत वॉर्डांमधलं व्हायनिल शीटचं (गुंडाळीतल्या प्लास्टिकच्या लांब पट्ट्यांचं) फ्लोअरिंग गेलं आणि त्या जागी टाइल्स आल्या. एका ज्येष्ठ सर्जननी लॉबीसारखी चकचकीत फरशी सगळीकडे हवी म्हटलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विरोध केला, तर ‘मॅडम, टाइलही छानच दिसते’ असं उत्तर मिळालं. टीममधले दोघं माझ्याहून वयानं आणि अनुभवानं मोठे आहेत. ते मनातून काय म्हणत असतील याची धास्ती वाटते. एखादं सर्टिफिकेट घेतलं तर माझ्या शब्दाला वजन येईल का? की नेतृत्व करणं माझ्या स्वभावातच नाही?

— एक टीम-प्रमुख

*

नमस्कार,

आधी फ्लोअरिंगचं बोलू, कारण तो निर्णय अजून फिरवता येईल आणि तुमच्या बाकीच्या प्रश्नांची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

तुम्ही विरोध केलात तेव्हा कोणते शब्द वापरलेत, ते पत्रात लिहिलेलं नाही. पण ‘छानच दिसते’ हे उत्तर आलं, म्हणजे समोरच्यांच्या कानावर प्रश्न दिसण्याचा म्हणून गेला. दिसण्यावर ज्येष्ठ सर्जनचं मत आणि तुमचं मत यांत कोणीच निवाडा करू शकत नाही. साहजिकच पद मोठं असणाऱ्याचं मत टिकतं. त्या फरशीवर वर्षानुवर्षं काय काय घडणार आहे, हा विषय तुम्हाला टेबलावर आणायला हवा होता. तो अजूनही आणता येईल.

काय घडणार आहे ते बघा. रक्त, लघवी, उलटी, सांडलेलं औषध. दिवसातून अनेकदा ओला मॉप आणि त्यात जंतुनाशक. व्हायनिल शीटचे सांधे गरम करून वेल्ड करता येतात आणि शीट भिंतीवर गोलाई देऊन वर चढवता येते, त्यामुळे फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात घाण साचायला जागाच उरत नाही. टाइलमध्ये दर फूट-दोन फुटांवर सांधा येतो. त्यातलं सिमेंटचं ग्राउट ओल शोषतं, काळं पडतं आणि तीव्र रसायनांनी झिजतं. त्या सांध्यांवरून औषधांची ट्रॉली गेली की खडखडाट होतो आणि कडक पृष्ठभाग तो आवाज गिळत नाही, परत फेकतो. चकचकीत फरशीवर छतातल्या दिव्यांचं प्रतिबिंब पडतं. वय झालेल्या डोळ्यांना ती ओली वाटते. माणूस दबकतो, पाऊल आखडतं घेतो आणि नेमका त्यातच तोल जातो. स्मृतिभ्रंश झालेल्या रुग्णाला फरशीवरचा गडद पट्टा खड्ड्यासारखा दिसू शकतो आणि तो तिथेच थबकतो.

आणि हो, व्हायनिलच्या दुबळ्या बाजूही तुम्हीच सांगा, कोणी विचारायच्या आधी. जड बेडच्या चाकांनी खाच पडते. खालच्या काँक्रीटमध्ये ओल राहिली तर गोंद सुटतो आणि फुगे येतात, म्हणून शीट घालण्याआधी ओलाव्याची चाचणी झालीच पाहिजे आणि ती कंत्राटात लिहिलेली असली पाहिजे. स्वतःच्या पसंतीच्या वस्तूचे दोष जो मोकळेपणानं सांगतो, त्याच्या पुढच्या वाक्यावर लोक विश्वास ठेवतात. लॉबीत मात्र दगडी फरशी राहू द्या. तिथे ती चालते आणि सर्जनसाहेबांच्या मताचाही मान राहतो.

पुढच्या मीटिंगआधी दोन माणसांना भेटा. एक, इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर. दुसरे, हाउसकीपिंगचे सुपरवायझर. त्यांना ‘मला पाठिंबा द्या’ असं म्हणू नका. सध्याच्या वॉर्डातली फरशी त्यांच्यासोबत चालून बघा आणि कुठे सर्वांत जास्त त्रास होतो ते विचारा. सुपरवायझर कोणत्या कोपऱ्यात गुडघे टेकून घासतात, ते त्यांना दाखवू द्या. मग कपातीच्या यादीला उत्तर म्हणून एकच पान तयार करा: बसवण्याचा खर्च, दहा-पंधरा वर्षांचा सफाई आणि दुरुस्तीचा खर्च, सांध्यांची एकूण लांबी, आवाज, घसरण. शक्य असेल तर जुन्या इमारतीच्या एखाद्या कॉरिडॉरमध्ये दोन्ही प्रकारांचा छोटा पट्टा घालून घ्या आणि भरलेली ट्रॉली सगळ्यांसमोर त्यावरून ढकला. त्या दोन मिनिटांत जे पटतं ते अर्ध्या तासाच्या प्रेझेंटेशनमध्ये पटत नाही.

तुमची पाळी शेवटी का येते, याचं उत्तरही इथेच आहे. रंग आणि कापडाचे नमुने घेऊन जाणाऱ्याला शेवटीच बोलावतात, कारण नमुन्यांचा निर्णय खरंच शेवटी घेता येतो. बेसिन कुठे, दार कोणत्या बाजूला उघडणार, बेडवरून खिडकी दिसते का, सिस्टरना बसल्या जागेवरून रुग्णाचा चेहरा दिसतो का, हे निर्णय मात्र भिंती आणि पाइप ठरतानाच होतात. तिथे तुम्ही नसाल तर पुढे तुमच्या हातात खरोखर रंगच उरतात. म्हणून अजेंडा बनवणाऱ्याला आधीच लिहून पाठवा, की प्लंबिंगच्या मुद्द्यात बेसिनच्या जागेबद्दल आणि लायटिंगच्या मुद्द्यात बेडवरच्या दिव्याबद्दल तुम्हाला बोलायचं आहे. परवानगी मागण्याच्या सुरात लिहू नका. सहज, कामाचा भाग म्हणून लिहा.

बेसिनचं नाव मुद्दाम घेतलं. टोरोंटोमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात डिसेंबर २००४ ते मार्च २००६ या काळात ३६ रुग्णांना स्यूडोमोनास या औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूची लागण झाली. त्यातले काही दगावले. शोध घेत घेत तपास पोचला हात धुण्याच्या बेसिनांपर्यंत. बेसिन उथळ होतं आणि नळाची धार थेट ड्रेनवर पडत होती. ड्रेनमध्ये जिवाणूंचा थर जमला होता. चमकणारं रसायन टाकून पाहिलं, तेव्हा शिंतोडे एक मीटरपर्यंत उडताना दिसले. शेजारीच औषधं आणि ड्रेसिंगचं सामान तयार होत होतं. बेसिनची रचना बदलल्यावर साथ थांबली. २००९ मध्ये यावर जो शोधनिबंध आला, त्याच्या शीर्षकातच खोलीच्या सदोष रचनेचा उल्लेख आहे.

मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ते बेसिन कुणीतरी कॅटलॉगमधून निवडलं असेल, ड्रॉइंगवर कुणाची तरी सही झाली असेल आणि त्या वेळी टेबलाभोवती बसलेल्या एकालाही हा जिवावरचा निर्णय वाटला नसेल. सगळं नियमाप्रमाणे दिसतं आणि तरीही घात होतो, तो अशा ठिकाणी. तिथे जिनं विचारायला हवं, ‘धार कुठे पडते, शेजारी काय ठेवणार आहेत?’, ती व्यक्ती म्हणजे तुम्ही. आरोग्यसेवेतल्या इंटिरिअर डिझाइनचं नेतृत्व मी यालाच मानते: खोलीत नसलेल्या माणसाच्या वतीनं वेळेवर प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत तो सोडायचा नाही. त्याला वरचा आवाज लागत नाही. सगळ्यांना भारून टाकणारं व्यक्तिमत्त्वही लागत नाही. स्वभावाबद्दल तुम्हाला जी शंका आहे, तिचं एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

आता डॉक्टरांविषयी. त्यांच्यासमोर संशोधनाचा आधार घेताना तो नेमका घ्या. आपल्या क्षेत्रात सर्वांत जास्त सांगितला जाणारा अभ्यास संशोधक रॉजर उलरिक यांचा, १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेला. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले. ज्यांना विटांची भिंत दिसत होती त्यांना ८.७० दिवस लागले. झाडं दिसणाऱ्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. सुंदर अभ्यास आहे आणि त्यानं पुढच्या कितीतरी कामाला दार उघडून दिलं. पण रुग्ण होते ४६, म्हणजे २३ जोड्या, एकाच रुग्णालयातले, एकाच शस्त्रक्रियेचे. ‘निसर्गदृश्यानं रुग्ण लवकर बरे होतात हे सिद्ध झालंय’ असं तुम्ही बोललात, तर समोरचा डॉक्टर, जो असे निबंध रोज वाचतो, मनातल्या मनात तुमच्या नावापुढे काट मारतो. ‘असा एक छोटा पण काटेकोर अभ्यास आहे, म्हणून बेडची दिशा बदलून बघू, त्याला खर्चही लागत नाही’ असं म्हणालात, तर तो पुढचं ऐकतो. भिंतीवरच्या चित्रांनी बरं होण्याचे टक्के छापलेले माहितीपत्रक कोणी पुरवठादार देईल, ते मीटिंगमध्ये कधीच नेऊ नका.

ज्येष्ठ सर्जननाही स्वतंत्र भेटा. फरशीबद्दल वाद घालायला जाऊ नका. त्यांच्या रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतरचा पहिला दिवस कसा जातो, तो कधी उठतो, किती पावलं चालतो, कुठे धरतो, हे विचारा. ते सांगत असताना तुमच्या वहीत कठडा, टॉयलेटचं अंतर, रात्रीचा मंद दिवा आणि फरशी आपोआप उतरतील. मग विचारा, ‘सर, हा रुग्ण पहाटे चार वाजता एकटा उठला तर फरशी कशी हवी?’ या प्रश्नाचं उत्तर त्यांना तुमच्याहून चांगलं ठाऊक असतं.

एक काम टीमसकट करा. चालू रुग्णालयात परवानगी घेऊन रिकाम्या बेडवर आडवे व्हा आणि नुसतं वर बघत राहा. आपण सगळे ड्रॉइंगमध्ये खोली वरून बघतो, फोटोत दारातून बघतो. रुग्ण तिला पाठीवर पडून बघतो. वास्तुविशारद आल्व्हार आल्टो यांनी फिनलंडमधलं पाइमिओचं क्षयरोग रुग्णालय १९३३ मध्ये पूर्ण केलं, ते याच जागेवरून विचार करून. दिवा पडून राहिलेल्या माणसाच्या डोळ्यांत येणार नाही असा लावला, छताला शांत गडद रंग दिला, आणि बेसिनला असा उतार दिला की पाणी पडताना आवाज होऊ नये, शेजारच्या रुग्णाची झोप मोडू नये. बेसिनच्या आवाजाचा विचार त्या काळी कुणाकडून अपेक्षितही नव्हता.

रात्री वॉर्डात बसून आवाज ऐका, हे तर मी आग्रहानं सांगेन. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वॉर्डमधल्या रात्रीच्या आवाजाची पातळी ३० डेसिबल असावी असं सांगितलं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अनेक रुग्णालयांतली जुनी-नवी मोजमापं एकत्र मांडली, तेव्हा १९६० पासून रात्रीचा आवाज सरासरी ४२ वरून ६० डेसिबलवर गेलेला दिसला. मॉनिटरचे अलार्म, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, दारांचे आपटे, सिस्टरांची बदलती शिफ्ट. यातलं निम्मं तरी तुमच्या यादीत बसतं: छताची आवाज शोषणारी टाइल, दार हळू बंद करणारा क्लोजर, झाकणाखालचा रबर, सिस्टरांच्या स्टेशनची जागा. छताची टाइल कपातीच्या यादीत आली की हे आकडे काढा.

चालू इमारतीत काम करणार आहात, म्हणून आणखी एक गोष्ट, आणि ही सर्वांत गंभीर आहे. जुनी भिंत किंवा फॉल्स सीलिंग उघडलं की धुळीसोबत ॲस्परजिलस बुरशीचे कण हवेत येतात. निरोगी माणसाला ते सहसा काही करत नाहीत. केमोथेरपी घेणाऱ्या किंवा अवयवरोपण झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसात गेले तर जीव जाऊ शकतो. म्हणून तोडफोडीआधी इन्फेक्शन कंट्रोलच्या टीमसोबत लेखी जोखीम-तपासणी व्हावी, कामाची जागा छतापर्यंत बंदिस्त करावी, आत हेपा फिल्टरसह (हवेतले सूक्ष्म कण अडवणाऱ्या) ऋण दाब ठेवावा, म्हणजे आतली हवा बाहेर निसटणार नाही, मलबा झाकून न्यावा आणि रुग्णांच्या वाटेनं तर अजिबात नेऊ नये. ही तयारी नसताना कंत्राटदारानं सीलिंगचा एक जरी तुकडा काढला, तर काम थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे ते आजच लिहून घ्या. तो तुमच्या टीमकडेही असावा असा हट्ट धरा. इथे संकोच नको. तारीख पुढे गेल्याचा राग सगळे चार दिवसांत विसरतात.

सगळ्याच गोष्टींसाठी असं झगडू नका. पडद्याचा रंग, रिसेप्शनच्या टेबलाचा आकार, लॉबीतलं चित्र यांत इतरांना बोलू द्या, निवडू द्या. मी तर रंगांची निवड सरळ वॉर्डच्या सिस्टरांवर सोपवायला सांगेन. पण हातातून सोडू नये असंही काही आहे. फरशी आणि भिंत, भिंत आणि दार, टॉयलेटची सीट आणि मागची टाइल यांच्या उजळपणात स्पष्ट फरक हवा. ब्रिटिश मानकांत प्रकाश-परावर्तनाच्या (पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो त्याच्या) ० ते १०० च्या मोजपट्टीवर ३० अंकांचा फरक मागितला जातो. सगळं एकाच फिक्या छटेत सुंदर दिसतं आणि कमी दिसणाऱ्या माणसाला दारच सापडत नाही. खुर्चीचं कापड किंवा भिंतीचं आवरण मंजूर करण्याआधी रुग्णालयात प्रत्यक्ष वापरात असलेलं जंतुनाशक त्यावर रोज घासून बघा, निदान काही आठवडे. पुष्कळ साहित्य कागदावर ‘रुग्णालयासाठी योग्य’ असतं आणि वर्षभरात तडकतं. तडकलेल्या जागी जंतू घर करतात.

तुमच्या टीमबद्दल. तुमच्याहून मोठे असलेले ते दोघं मनात काय म्हणतात, याचा शोध घेत बसू नका. त्यांना थेट विचारा, ‘या प्रकल्पात तुम्हाला सर्वांत जास्त काळजी कशाची वाटते?’ आणि जे सांगतील त्याची जबाबदारी नावानिशी त्यांच्याकडे द्या. एकाकडे दारं आणि हार्डवेअर, दुसऱ्याकडे चालू इमारतीतले कामाचे टप्पे, असं काही. त्या विषयावर मीटिंगमध्ये त्यांनाच बोलू द्या आणि ते बोलत असताना मध्ये पडू नका. अनुभवी माणसाला आपला अनुभव वाया जातोय असं वाटलं की तो कुरकुरतो. बहुतेक वेळा कुरकुरीमागे एवढंच असतं. धाकट्यांना मात्र नुसतं मागे बसवून नोंदी घ्यायला लावू नका, रात्रीच्या वॉर्डात त्यांनाही न्या. आणि एक निर्णय-वही ठेवा. प्रत्येक मोठ्या निवडीपुढे कारण, पर्याय, कुणी मान्य केलं, तारीख. तुमचा सल्ला डावलला गेला तर तेही त्याच शांत भाषेत लिहा आणि संबंधितांना पाठवा. पुढे खापर फोडण्यासाठी हे करायचं नाही. आपली सही कशावर होतेय हे लिखित समोर आलं, की पुष्कळदा लोक स्वतःहून पुन्हा विचार करतात.

सर्टिफिकेट जरूर घ्या. अमेरिकेतली हेल्थकेअर इंटिरिअर डिझायनर्सची अकादमी स्वतंत्र परीक्षा घेते. ‘सेंटर फॉर हेल्थ डिझाइन’ ही संस्था पुराव्यावर आधारित रचनेची ‘ईडॅक’ ही मान्यता देते. दुसरीपासून सुरुवात करा. अभ्यास कसा वाचायचा, गृहीतक कसं मांडायचं, बांधून झाल्यावर मोजायचं कसं, हे त्यात शिकायला मिळतं आणि डॉक्टरांशी बोलताना तेच उपयोगी पडतं. नावापुढची अक्षरं पहिल्या भेटीत ऐकून घ्यायला लावतात. तिसऱ्या मीटिंगपर्यंत त्यांचा परिणाम ओसरतो आणि तुम्ही काय विचारता तेच उरतं.

आणि या प्रकल्पाच्या करारात एक कलम आत्ताच घालून घ्या: इमारत सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षानं तुमची टीम परत येऊन पाहणी करेल, हाउसकीपिंग, सिस्टर आणि रुग्णांशी बोलेल, आणि जे चुकलं तेही अहवालात लिहील. त्याची फी आजच वेगळी दाखवा, नाहीतर शेवटी पैसे संपलेले असतात. आमच्या क्षेत्रात बहुतेक जण उद्घाटनाच्या फोटोनंतर परत फिरकत नाहीत. तुम्ही फिरकणार आहात हे क्लायंटला पहिल्या दिवसापासून माहीत असेल, तर फरशीच्या मीटिंगमध्ये तुमच्याशी बोलण्याचा सूर आत्ताच बदलेल. करारावर सह्या झालेल्या असतील तर पुरवणी पत्र काढा, आणि ते पुढच्या मीटिंगच्या आधी पाठवा.